जिवाणीची लोटी

आमच्या घरात एखाद्या मुलीच्या हातून दूध उतू गेलं, किंवा गाईला दाव्याला बांधायचं राहिलं, की बायका एकमेकींकडे बघून म्हणतात, "झाली कंचनआत्या." म्हणणाऱ्या एकीनेही कंचनला पाहिलेलं नाही. पाहिलेला आता मी एकटाच उरलोय, तिचा धाकटा भाऊ इंदरचंद. वय सत्तरीच्या पुढे गेलं, गुडघे गेले, पण हे दोन शब्द कानावर पडले की अजून डोकं फिरतं. तरी आजवर गप्प बसलो. त्याचं कारण चांगलं नाही, ते पुढे येईलच.

कंचन माझ्याहून दीड वर्षाने मोठी. मी तिला जीजी म्हणायचो. आमचे आजोबा मारवाडातून जुन्नरला आले आणि पेठेत कापड विकू लागले. आमच्या लहानपणी, म्हणजे एकोणीसशे सालाच्या आसपास, घरात सगळं मराठीच बोलणं होतं. मारवाडी उरली होती ती मोठ्यांच्या रागावण्यापुरती.

जीजीला एका जागी बसता येत नसे. येत नसे म्हणजे खरोखरच येत नसे, जसं मला गाता येत नाही. वेणी घालायला बसली की रस्त्यावर काहीतरी वाजायचं आणि ती अर्ध्या वेणीनिशी पसार व्हायची. जेवायला बसली की पहिल्या भाकरीला कावळा दिसायचा, दुसऱ्या भाकरीला शेजारणीला सांगायचा निरोप आठवायचा, आणि ताटात उरलेलं वाळून जायचं. एका विषयावर तिची दोन वाक्यं टिकत नसत. पण कुणाचं काही हरवलं की हाक जीजीलाच. आईची नथ तिने राखेच्या ढिगातून काढून दिली होती, कारण आम्ही सगळे जिथे बघायचं तिथेच बघत होतो आणि ती कुठेही बघत होती.

आमची आई, रुक्मिणीबाई, रोज सामायिक करायची. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका आसनावर मन आवरून बसायचं. वेळ कळायला पुढे काचेची वाळूघडी. वरची वाळू खाली पडून संपेपर्यंत उठायचं नाही. जीजी आठ वर्षांची झाल्यावर आईने तिला शेजारी बसवलं. पहिल्याच दिवशी तिने चार वेळा आसन सारखं केलं, दोनदा जांभई दिली, आणि मग हळूच हात लांब करून घडीला टिचक्या मारू लागली, वाळू लवकर पडावी म्हणून. आईला हसू फुटलं आणि तिचंच सामायिक मोडलं. ही गोष्ट आईने पेठभर कौतुकाने सांगितली. अकराव्या वर्षी जीजीने तीच टिचकी मारली, तेव्हा आईने तिच्या हातावर पळी हाणली.

माझ्याही अंगात तीच खोड होती. मास्तरांनी मला त्यांच्या उपरण्याने शाळेच्या खांबाला बांधलेलं आहे. शेवटी वडील, म्हणजे बापूजी, वैतागले, त्यांनी मला शाळेतून काढलं आणि गेणभाऊ नावाच्या आमच्या जुन्या गड्याबरोबर तट्टूवर कापडाचे गठ्ठे देऊन गावोगावच्या बाजारांना धाडलं. माझं नशीब उघडलं. आज मढ, उद्या घाटघर, रोज नवी वाट, बोलायला नवी माणसं, आणि दिवसभर कुणी "बस" म्हणून सांगणारं नाही. बायका म्हणायच्या, "शेटचं पोरगं लई चलाख हाय." विसरायचो मीही. एकदा अख्खा गठ्ठा घाटघरला विसरून आलो, तेव्हा बापूजींनी दम दिला, "आणखी एकदा असं झालं तर तट्टू काढून घेईन आणि दुकानात गादीवर बसवीन." तेवढ्या भीतीवर मी चालत होतो.

जीजीला तट्टूवर कोण बसवणार? तिच्या वाट्याला चूल आली, आणि चुलीपुढून उठून चालत नाही. एकाच खोडीने मला पोट भरायला शिकवलं आणि तिला मार दिला. ह्याचा विचार करत बसलो की माझा चहा गार होतो.

दहाव्या वर्षी तिचं लग्न घोडेगावच्या मदनलालशी झालं आणि तेराव्या वर्षी ती नांदायला गेली. गाडीत बसताना बापूजी म्हणाले, "कंचन, आता ते घर तुझं. हितं पाहुणी म्हणून ये." बापूजी वाईट नव्हते, वेशीपर्यंत गाडीमागे चालत गेले. पण बोलायचं ते बोलून गेले, आणि जीजीने ते मनाशी धरलं.

तिची सासू उगमबाई. ही बाई तरुणपणीच विधवा झालेली, चार मुलांतला एकटा मदनलाल जगलेला. घरात पाप घडलं की घरातलं माणूस जातं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे तिचा धर्म कडक, आणि सगळ्यात कडक पाण्याच्या बाबतीत.

आम्ही जैन पाणी गाळून पितो हे सगळ्यांना माहीत असतं. गाळल्यावर फडक्यावर काय उरतं, ह्याचा विचार बाकीचे करत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे जीव उरतात. ते फडकं गाळलेल्या पाण्याने हलकेच एका लोटीत धुवायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. लोटीच्या बुडाला कडी असते. दोरीने लोटी विहिरीत सोडायची आणि पाण्याला टेकली की कलती करायची, म्हणजे जीव वरून आपटत नाहीत. आणि ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात गेले पाहिजेत. एका पाण्यातले दुसऱ्या पाण्यात मरतात, असं आमच्यात मानतात. मला ह्यात आजही खोट काढायची नाही. न दिसणाऱ्याचीसुद्धा काळजी घ्या म्हणणारा धर्म माझा आहे, ह्याचा मला अभिमान आहे. पुढे जे घडलं ते आम्ही माणसांनी केलं.

उगमबाईच्या परसात आड होता, अरुंद आणि खोल. रोज सकाळी त्याचं पाणी गाळून जिवाणी परत सोडायचं काम सुनेचं. एकदा जीजीने दोरीची गाठ नीट मारली नाही आणि लोटीच आडात गेली. एकदा ती लोटी खिडकीत ठेवून दारावरच्या माकडवाल्याकडे बघत राहिली आणि जिवाणी उन्हाने सुकली. प्रत्येक चुकीला उगमबाई तिला उपास घालायची. उपासाने आठवण सुधारते असं कोणत्या पोथीत लिहिलंय ते मला कुणी दाखवावं. भुकेल्या पोटी ती आणखी विसरायची, आणि मग आणखी एक उपास.

मी वर्षातून एक-दोनदा जायचो तेव्हा मला फरक दिसायचा. पूर्वी जीजी चुकली की खिदळायची. चौदाव्या वर्षी तिचं हसणं गेलं. काही पडलं, फुटलं, करपलं, की कुणी काही बोलायच्या आत ती म्हणायची, "माझ्याच हातून झालं असेल." एकदा ताक मांजराने सांडलं, मांजर समोर मिशा चाटत होतं, तरी ती तेच म्हणाली.

तिने स्वतःवर एक उपाय शोधला होता. सकाळी उठल्यावर कामं मोजायची आणि तेवढे चिंचोके कनवटीला खोचायचे. एक काम झालं की एक चिंचोका फेकायचा. संध्याकाळी कनवट रिकामी असली की दिवस चांगला. तिने मला हे एखादी मोठी युक्ती सांगावी तसं सांगितलं. मी हसलो होतो. आता ती युक्ती मला माझ्या सगळ्या चलाखीपेक्षा मोठी वाटते.

पंधराव्या वर्षी, दिवाळीनंतर, जिवाणी दुसऱ्यांदा सुकली. तेव्हा उगमबाई मदनलालच्या समोर म्हणाली, "पुन्हा एकदा जिवाणी चुकली, तर हिला जुन्नरला सोडून येईन आणि माझ्या मदनला दुसरी करीन." मदनलाल आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. उगमबाई उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. इकडे बापूजींनी पाहुणी म्हणून ये सांगितलेलं. म्हणजे एका लोटीवर जीजीचं राहतं घर टांगलेलं होतं, आणि हे तिला माहीत होतं.

एकोणीसशे नऊच्या संक्रांतीला आईने तिळगूळ आणि लुगडं देऊन मला घोडेगावला धाडलं. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरात उंदीर पडले. तेव्हा प्लेगाची सुरुवात उंदरांपासून होते हे पोरासोरांना ठाऊक होतं. दवंडी आली, संध्याकाळच्या आत गाव मोकळं करा. जो तो घर सोडून रानात झोपडी घालायला निघाला. उगमबाईच्या ओळखीचा रखमाजी नावाचा शेतकरी शिनोलीला होता, त्याच्या शेतात जायचं ठरलं.

त्या धांदलीतही जीजीने पाणी गाळलं. फडकं धुतलं, लोटी भरली, आणि आडाकडे निघाली तोच उगमबाईने तिला तीन बाजूंनी तीन हाका मारल्या. पिठाचा डबा आण, गोधड्या बांध, गाईला सोड. जीजी अंगणात लोटी धरून गोल फिरू लागली. मला तिची दया आली. म्हणालो, "दे इकडं, मी सोडतो."

तिने लोटी माझ्या हातात दिली, कनवटीतून एक चिंचोका काढून फेकला आणि आत पळाली.

मी लोटी घेऊन चाललो होतो, खरंच चाललो होतो. तेवढ्यात दारात माझं तट्टू बुजलं आणि दावं तोडून रस्त्याने सुटलं. मी लोटी समोरच्या गाडीच्या फळीवर ठेवली आणि त्याच्या मागे धावलो. तट्टू धरून आणलं तोवर गाडी भरून निघाली होती. लोटीचं माझ्या मनातही नव्हतं.

शिनोलीला दुपारी गाडी उतरवताना भांड्यांच्या हाऱ्यातून ती निघाली. कुणीतरी फळीवरून उचलून भांड्यांत खोचली असणार. पाणी निम्मं सांडलेलं, निम्मं आत. उगमबाईने लोटी दोन्ही हातांत धरली आणि खालीच बसली. तिचा चेहरा रागाचा नव्हता, भेदरलेला होता.

"कंचन, ही जिवाणी सोडली नाय तू?"

जीजीने कनवट चाचपली. कनवट रिकामी होती. ती गोंधळली. "सासूजी, चिंचोका तर टाकला मी. म्हंजे काम झालं व्हतं." मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या देखत, अगदी साधेपणाने तिने विचारलं, "इंदर, मी तुला दिली व्हती का रे?"

मला त्या क्षणी सगळं आठवलं. तिचा ओला हात, फेकलेला चिंचोका, फळी, तट्टू. आणि त्याबरोबर बापूजी आठवले. उगमबाई निरोप धाडणार, बापूजी तट्टू काढून घेणार, आणि मी जन्मभर गादीवर.

"मला नाय आठवत," मी म्हणालो.

मी विसराळू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. जीजीलाही पटलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मग माझ्याच हातून राहिली असेल. चिंचोका चुकून पडला असेल."

मला वाटलं होतं, एक उपास घालतील आणि संपेल. उगमबाईने ओलं फडकं लोटीवर झाकलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी जायचं आणि त्या आडात सोडून यायचं. सोडलीस तर राहा. नाय सोडलीस तर गाडी जुंपून थेट जुन्नर."

रखमाजी जवळच खांब रोवत होता. तो म्हणाला, "बाई, गावात उंदीर पडल्यात. पोरीला कुटं धाडता? ही आमची हीर हाय की, हितंच सोडा."

"त्या आडातले जीव त्या आडातच जायला हवेत, रखमाजी. एवढ्या जिवांचं पाप घेऊन आम्ही प्लेगापासून वाचणार व्हय?"

रखमाजी मदनलालकडे बघू लागला. मदनलाल आईला म्हणाला, "बाई, मी जातो."

"तू माझा एकटा हायेस," उगमबाई म्हणाली. "जिच्या हातून राहिली, तिनंच सोडायची."

तेव्हा मी म्हणालो की मी जीजीबरोबर जातो. एवढं बोललो, एवढंच. उगमबाईने मान हलवली. "लोकाचं पोर मी प्लेगाच्या गावात धाडणार नाय. तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" जीजीसुद्धा त्याच आईची होती, लोकाचंच पोर होती. हे उगमबाईच्या ध्यानात आलं नाही आणि माझी जीभ उचलली नाही.

सकाळी जीजी निघाली. उगमबाईने तिच्या पदराला कापराची पुरचुंडी बांधली आणि तीनदा बजावलं. "परसदारानं जा, आडात सोड, परसदारानं ये. घरात पाऊल टाकायचं नाय. समजलं?" जीजीने एक चिंचोका कनवटीला खोचला. खरं सांगायचं तर ती खुशीत होती. दोन वर्षांत तिला एकटीने एवढी वाट मिळाली नव्हती. जाताना दीड कोस लोटी सांभाळत हळू चालायचं, पण येताना मोकळ्या हातांनी धावता येणार होतं. बांधावरून जाताना तिने मला लांबून हात केला. मी त्या हाताचा आधार घेतला. म्हटलं, ती तर आनंदात आहे.

दुपारच्या आत ती परत आली, धापा टाकत, लाल झालेली. आल्या आल्या चिंचोका काढून तिने माझ्या अंगावर फेकला. "झालं! एक थेंब सांडला नाय." मग पदराआडून एक वस्तू काढून सासूपुढे ठेवली. उगमबाईची वाळूघडी.

आदल्या दिवशी उगमबाई हळहळली होती की घडी कोनाड्यातच राहिली, आता सामायिक कशावर मोजू. ते जीजीने ऐकलं होतं. आड झाला, घर समोर दिसलं, घडीची आठवण झाली, आणि पाऊल टाकायचं नाही हे डोक्यातून गेलं. ती आत शिरली. कोनाड्याखाली मेलेले उंदीर पडले होते, ते ओलांडून तिने घडी काढली. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, उंदरांसकट, मध्येच वाटेत दिसलेल्या सरड्याचीही हकीकत सांगितली.

कुणीतरी तेव्हा तिला कपडे बदलायला लावायला हवं होतं, आंघोळ घालायला हवी होती. उगमबाई घडी छातीशी धरून बसली होती. ती म्हणाली, "शहाणी गं माझी." दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. जीजीने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत का म्हणून.

पुढचे चार दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले असं मला वाटतं. रखमाजीच्या शेतात जोंधळा दाण्यात आला होता आणि पाखरं टोळ्यांनी उतरत होती. रखमाजीची बायको साळुबाई माळ्यावर उभी राहून राखण करायची. तिने जीजीला वर घेतलं. माळ्यावर स्वस्थ बसणारं माणूस कामाचं नसतं, चारी दिशांना मान फिरावी लागते. जीजीची मान जन्मापासून तशीच फिरत होती. टोळी अजून ओढ्यापलीकडे असतानाच ती हाळी द्यायची. आमच्यात जीव मारत नाहीत, म्हणून ती गोफणीत दगड न घालता नुसती गोफण फटकारायची, आणि त्या आवाजानेच पाखरं उठायची.

साळुबाई उगमबाईला म्हणाली, "बाई, तुमची सून लई गुनाची हाय. असली नजर म्या न्हाई बगितली. माझ्या लेकीबी तासाभरात पेंगत्यात." त्या दिवशी उगमबाईने जीजीच्या ताटात तूप जास्त वाढलं. मी माळ्याखाली बसून तिला बघायचो. ती वरून ओरडायची, उड्या मारायची, आणि आठ वर्षांची असताना हसायची तशी हसायची. मला वाटलं, सांगायची गरजच पडणार नाही.

पाचव्या दिवशी ती माळ्यावरून उतरली ती थरथरतच. संध्याकाळी अंग तापलं, दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली.

शेताच्या दुसऱ्या टोकाला तिच्यासाठी वेगळी खोपी केली. मदनलाल लांब उभा राहून रडायचा. उगमबाईला आत जायचं होतं, पण मदनलालने तिला धरून ठेवलं. आत गेली ती साळुबाई. तिला विचारलं तर म्हणाली, "माझ्या माळ्यावरची पोर हाय ती." पाणी पाजणं, कपाळावर ओलं फडकं ठेवणं, सगळं तिनेच केलं.

मला खोपीजवळ जायची बंदी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगले तेव्हा मी मागच्या बाजूने गेलो आणि कडब्याच्या कुडाला तोंड लावून बसलो. पलीकडे ती एका कुशीवर निपचित पडली होती. जन्मात ती इतका वेळ एका जागी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"जीजी," मी म्हणालो. "लोटी तू मला दिली व्हतीस. मी गाडीवर ठेवली. मला तवाच आठवत व्हतं. मी खोटं बोललो."

मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं, तट्टूचं, बापूजींच्या भीतीचं. मी रडत होतो. तिने शिव्या द्याव्यात, थुंकावं, काहीही करावं असं मला वाटत होतं.

मग ती बोलली. आवाज अगदी बारीक होता, पण त्यात मला समजावणं होतं, लहानाला समजावतात तसं. "असं नको म्हणू रे इंदर. माझ्यासाठी खोटं बोलून पाप नको घेऊ. माझ्याच हातून राहिली. मी कशी हाय ते मला ठाऊक नाय व्हय?"

"नाय जीजी, खरंच."

"लई गुणी हायेस तू," ती म्हणाली.

हे तिचे माझ्याशी शेवटचे शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ओढ्याकाठी तिला अग्नी दिला. साळुबाईने गोफण आणून चितेवर ठेवली आणि कुणी तिला अडवलं नाही. उगमबाई जमलेल्या लोकांना म्हणत होती, "जाता जाता पोर आपली चूक सुधारून गेली." मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली.

फाल्गुनात लोक गावात परतले तेव्हा पायी विहार करत एक महासतीजी, म्हणजे आमच्यातल्या साध्वी, घोडेगावला आल्या. बापूजींबरोबर मीही दर्शनाला गेलो होतो. उगमबाईने त्यांच्यापुढे सगळं सांगितलं. महासतीजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, संकटात जिवाणी जवळच्या पाण्यात सोडावी आणि त्याचं प्रायश्चित्त घ्यावं. त्या जिवांना आपण जपतो, मग पाच इंद्रियांचं माणूस किती जपायला हवं? लेकरू का धाडलंस?" उगमबाई त्यांच्या पायाशी कोसळली. ती त्यानंतर वीस वर्षं जगली. रोज सामायिकाला बसायची पण ती घडी कधी पुढे ठेवली नाही. मदनलालचं दुसरं लग्न तिने स्वतः लावलं आणि त्या सुनेला तिने एक उपास सांगितला नाही. तिने आपला वाटा उचलला. माझा वाटा कुणी मागितलाच नाही. मला तट्टू राहिलं, पुढे दुकान झालं, लोक अजून चलाख म्हणतात.

जीजीची मात्र गोष्ट झाली. आमच्या नात्यागोत्यात ती मुलींना सांगतात. कंचन जिवाणी विसरली, मग सोडायला गेली, मग प्लेगाने मेली, म्हणून मुलींनो विसरत जाऊ नका. पन्नास-साठ वर्षं मी हे ऐकत आलो. एका लग्नात तर मला जवळ बसवून, मीच सख्खा भाऊ म्हणून, माझ्याकडून हुंकार घेऊन सांगितली.

परवा माझ्या अकरा वर्षांच्या नातीच्या हातून दह्याचं भांडं उघडं राहिलं. खरं तर ते तिच्या थोरल्या भावाने उघडून तसंच ठेवलं होतं, मी खाटेवरून पाहिलं होतं. ती पोरही एका जागी बसत नाही, तिच्या वहीत अर्धी गणितं आणि बाकी पाखरं असतात. सूनबाई ओरडली, "झाली कंचनआत्या!" पोरीने भांड्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होता. ती म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल."

मी काठी न घेता उठलो. पोराला म्हणालो, "बोल, कुणी उघडलं?" तो आधी म्हणाला, आठवत नाही. मी तिथेच उभा राहिलो. सूनबाई बाबा बसा, बाबा बसा म्हणत होती. शेवटी तो म्हणाला, "मी."

मग मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की कंचन विसरली नव्हती. तिने लोटी माझ्या हातात दिली होती. सूनबाई उठून जवळ आली. मग तिने माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना. बहिणीसाठी इतक्या वर्षांनी स्वतःवर घेताय."